मान धरली, पालथं पडलं, पाऊल टाकलं: बाळाचे स्नायू घडतात कसे?

सावनी_सातारा

गेल्या आठवड्यात एक आजी सहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळ छान होतं, हसरं. आजींचा प्रश्न एवढाच, "याच्या मांड्या कधी भरणार? कुठलं तेल लावू?" मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, अठरा वर्षं हेच काम करतेय, आणि हा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतो. त्यामागे एक समजूत असते: बाळाचा स्नायू म्हणजे मोठ्या माणसाच्या स्नायूची छोटी प्रत, खाऊपिऊ घातलं, चोळलं, की तो फुगत जातो. तसं नाहीये. जन्माच्या वेळचा स्नायू आतून निराळ्याच बांधणीचा असतो. त्यातली प्रथिनं वेगळी, नसांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या) जोडण्या वेगळ्या, वेगही वेगळा. पुढे तो कसा होणार हे बरंचसं त्याच्याकडून कोणतं काम घेतलं जातं यावर ठरतं. बरेच दिवस हे नीट लिहून काढायचं मनात होतं.

सुरुवात पार मागे होते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेला दोन्ही बाजूंनी पेशींच्या गाठी उमटायला लागतात, कणसात दाणे भरावेत तशा, जोडीजोडीने, डोक्याकडून खाली. त्यांना सोमाइट म्हणतात. माणसात अशा साधारण ४२ ते ४४ जोड्या होतात. पाठ, पोट, हात, पाय, श्वासाचा पडदा, इतकंच काय जिभेचे स्नायूसुद्धा यांच्यापासून येतात. (चेहऱ्याचे आणि चावण्याचे स्नायू मात्र दुसरीकडून येतात.) हातापायांचे स्नायू जागच्या जागी उगवत नाहीत. सोमाइटमधल्या पेशी तिथून निघतात, चालत चालत हाताच्या आणि पायाच्या कोवळ्या कळीत शिरतात, आणि तिथे गेल्यावर स्नायू व्हायला लागतात. एखाद्या पेशीने स्नायूच व्हायचं हे ठरवणाऱ्या जनुकांपैकी मायो-डी हे १९८७ साली सिॲटलमध्ये हॅरल्ड वाइनट्राउब यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्वचेखालच्या साध्या तंतुपेशींत हे एकच जनुक चालू केलं, तर त्या स्नायुपेशी बनू लागल्या. मी शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो परिच्छेद तीनदा वाचला होता.

यानंतर जे होतं ते शरीरात फार कमी ठिकाणी होतं. या सुट्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यामधल्या भिंतीच नाहीशा होतात. शेकडो पेशी मिळून एक लांब तंतू, त्यात शेकडो केंद्रकं. तंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे ओळीने लागतात आणि सार्कोमिअर नावाचे कप्पे तयार होतात. एक कप्पा साधारण दोन ते अडीच मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा-पाचशेवा भाग. आगगाडीच्या डब्यांसारखे हे हजारो कप्पे एकामागे एक जोडलेले असतात, आणि सगळे मिळून आकसतात तेव्हा स्नायू आखडतो. हे डबे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तंतूंची पहिली पिढी थोडीच असते. तिच्या अंगाला धरून दुसरी, मोठी पिढी उभी राहते, आणि या दुसऱ्या पिढीला नसेची सोबत लागते. नस पोचली नाही तर ही पिढी धड वाढत नाही.

साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भ हलायला लागतो. आईला ते कळतं बरंच नंतर, पहिलटकरणीला अठरा-वीस आठवड्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याला "बाळ फिरलं" कळेपर्यंत त्याने दोन-अडीच महिने व्यायाम केलेला असतो. ही हालचाल किती गरजेची आहे ते १९६२ साली ड्रॅकमन आणि कुलोम्ब्र यांनी दाखवलं. त्यांनी अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भांना क्युरारे हे स्नायू लुळे करणारं औषध दिलं. पिल्लांचे सांधे आखडले, पावलं वाकडी झाली. हाडं, सांधे, स्नायू सगळं मुळात ठीक होतं, फक्त हालचाल थांबली होती.

आता जन्म. नवजात बाळाच्या वजनात स्नायूंचा वाटा जेमतेम पाव, मोठ्या माणसात तो चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. पण फरक फक्त वजनाचा नाही. गर्भात स्नायूचं मायोसिन एका प्रकारचं असतं, जन्माच्या सुमाराला दुसऱ्या प्रकारचं, आणि मग हळूहळू मोठेपणीचे प्रकार येतात: संथ पण न दमणारे, आणि झटकन आखडणारे पण लवकर दमणारे. नसांचंही तसंच. सुरुवातीला एका तंतूवर दोन-चार नसांची टोकं येऊन बसलेली असतात. मग त्यांची चढाओढ लागते, एक टिकतं, बाकीची मागे सरतात. तान्ह्या बाळाचे हातपाय सगळे एकदम का उडतात, त्याला एक बोट वेगळं का हलवता येत नाही, याचं मोठं कारण मेंदू आणि मज्जारज्जू अजून तयार होतायत हे आहे, पण तळाशी या जोडण्याही अजून छाटल्या जातायत.

संथ की वेगवान हे कोण ठरवतं? १९६० साली कॅनबेराला बुलर, जॉन एकल्स आणि त्यांची कन्या रोझमंड एकल्स यांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. जन्मतः पायाचे सगळे स्नायू संथच होते, काही नंतर वेगवान होत गेले. मग त्यांनी संथ स्नायूची नस वेगवान स्नायूला आणि त्याची याला जोडली. वेगवान स्नायू संथ झाला, संथ स्नायू वेगवान होऊ लागला. पुढे १९६९ मध्ये सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी नस न बदलता, नुसते संथ लयीचे विजेचे ठोके आठवडेच्या आठवडे देऊन वेगवान स्नायू संथ करून दाखवला. म्हणजे नस काय बोलते हे महत्त्वाचं.

मला सर्वांत जास्त सांगायचंय ते लांबीबद्दल. हाड वाढतं तेव्हा स्नायूला लांब व्हावंच लागतं. तो रबरासारखा ताणून लांब होत नाही, तंतूच्या टोकांना नवे सार्कोमिअर, म्हणजे नवे डबे जोडले जातात. १९७२ साली फ्रान्समध्ये ताबारी आणि सहकाऱ्यांनी मांजराची पोटरी प्लास्टरमध्ये ठेवली. आखडलेल्या स्थितीत ठेवली तर काही आठवड्यांत चाळीस टक्के डबे कमी झाले. ताणलेल्या स्थितीत ठेवली तर एकोणीस टक्के वाढले. प्लास्टर काढल्यावर आकडा पुन्हा पूर्वीवर आला. स्नायू आपल्या रोजच्या लांबीचा हिशोब ठेवतो आणि त्याप्रमाणे स्वतःला बांधतो. माझा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणून त्या आजींना मी सांगितलं, तेल कुठलंही लावा, पण मालिश झाल्यावर त्याला चटईवर पालथं सोडा आणि समोर तुम्ही बसा. तो मान उचलून तुमच्याकडे बघेल, ते त्याचं औषध.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहीन.

---

आरोहीची_आई

सावनीताई, वाचताना डोळे भरून आले. आमची आरोही ३१व्या आठवड्यात झाली. महिनाभर काचेच्या पेटीत होती. पहिले काही दिवस मशीनवर, मग नळीने ऑक्सिजन. तेव्हा डॉक्टर सारखं म्हणायचे, "ती दमते." मला ते कळायचंच नाही. श्वास घ्यायला कोणी दमतं का? आता ती चौदा महिन्यांची आहे, धरून धरून चालते. पण तो शब्द अजून मनात आहे.

---

सावनी_सातारा

आरोहीची आई, दमतात, अगदी खरोखर दमतात. श्वासाचा पडदा हाही स्नायूच. त्याला आयुष्यभर न थांबता काम करायचं असतं, म्हणून मोठ्या माणसात त्यातले निम्म्याहून जास्त तंतू न दमणाऱ्या जातीचे असतात. १९७८ मध्ये टोरोंटोच्या अभ्यासकांनी मोजलं: मोठ्यांत असे तंतू साधारण ५५ टक्के, पूर्ण दिवसांच्या बाळात सुमारे २५ टक्के, आणि कमी दिवसांच्या बाळात १० टक्क्यांहूनही कमी. त्यात त्यांच्या बरगड्या मऊ, कूर्चेच्या. पडदा खाली ओढला की छाती फुगायच्या ऐवजी आत खेचली जाते, म्हणजे अर्धी मेहनत वाया. तुम्ही पेटीच्या काचेतून छाती आत जाताना पाहिली असेल, ते हेच.

आईच्या पोटात या पडद्याचा सराव चालू असतो. बाळ दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून श्वासासारख्या हालचाली करतं, हवा नसताना. उचक्या तर तुम्हालाही जाणवल्या असतील. आरोहीला तो सराव पुरा करायला मिळाला नाही. तिने तो बाहेर येऊन, हवेत, महिनाभरात केला. चौदाव्या महिन्यात धरून चालतेय, त्यात तिचे कमी दिवस वजा केले तर ती अगदी वेळेवर आहे.

---

आरोहीची_आई

हे तेव्हा कोणी असं समजावलं असतं तर रात्री थोड्या बऱ्या गेल्या असत्या. आज तिच्या बाबांना वाचून दाखवलं.

---

सुमन_मिरज

माझं वय ६८. तीन मुलं आणि पाच नातवंडं या पायांवर न्हाऊ घातलीत. आमच्याकडे चंद्राबाई यायची मालिशीला, पन्नास वर्षांपूर्वी. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आजही धडधाकट आहेत. सावनी, तू शिकलेली आहेस, पण मालिशने काहीच होत नाही असं म्हणू नकोस.

---

सावनी_सातारा

सुमनताई, तसं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुम्ही पाय लांब करून, बाळाला नडगीवर पालथं घालून पाठीवर पाणी घालता ना? तेव्हा बाळ मान उचलायचा प्रयत्न करतं, पाठ ताठ करतं. तो त्याच्या मानेचा आणि पाठीचा दिवसातला सगळ्यांत कडक व्यायाम असतो. शिवाय स्पर्श, ऊब, नंतरची गाढ झोप. हे सगळं त्याला हवंच आहे.

माझा विरोध दोनच गोष्टींना. एक, हातपाय जोरात ओढून, उलटसुलट पिळून "मोकळे" करणं, आणि बाळाला पायाला धरून उलटं टांगणं. त्याने स्नायू वाढत नाही, सांध्याला आणि मानेला इजा होऊ शकते. दुसरं, मालिश झाली की दिवसभर बाळ मांडीवर, झोळीत, पाळण्यात. तंतू जाड होतो तो स्वतः ओढल्यावर, दुसऱ्याने दाबल्यावर नाही. चंद्राबाईंच्या काळी बाळं मालिशीनंतर अंगणात घोंगडीवर पडलेली असायची, चार भावंडं भोवती. त्यातलं घोंगडीवर पडणं आता गेलंय, मालिश तेवढी राहिलीय.

---

सुमन_मिरज

हे खरं आहे. आता फ्लॅटमध्ये खाली ठेवतच नाहीत मुलांना. आणि तो चाकांचा वॉकर. आमच्या वेळी लाकडी पांगुळगाडा होता, पण तो मूल उभं राहून ढकलायचं.

---

सावनी_सातारा

ताई, फार नेमकं बोललात. पांगुळगाड्यात मूल स्वतःचं वजन स्वतः पेलतं, तोल सावरतं. चाकांच्या बैठ्या वॉकरमध्ये ते लोंबकळतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. पोटरी आखडलेल्या स्थितीत काम करते, मांडीचे आणि कमरेचे स्नायू रिकामे. वर जिन्यावरून पडण्याचा धोका. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली.

---

बालरोग_वसुधा

धागा उत्तम. मी बालरोगतज्ज्ञ आहे. "मांड्या कधी भरणार" यावर थोडी भर घालते, कारण यात आपल्याकडची एक खास बाब आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांची तुलना त्यांनी इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. इथवर अपेक्षितच होतं. पण अंगाची मापं घेतली तेव्हा दिसलं की आपली बाळं सगळ्या बाजूंनी सारखी लहान नाहीत. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी, चरबी मात्र जवळजवळ शाबूत. दिसायला बारीक, आतून चरबी टिकवलेलं बाळ. २००३ साली हे प्रसिद्ध झालं.

सावनीने दुसऱ्या पिढीच्या तंतूंबद्दल लिहिलंय. डुकरांच्या एका वेतात जे पिल्लू सगळ्यांत किरकोळ असतं, त्याच्यात नेमके हे दुसऱ्या पिढीचे तंतू कमी असतात, आणि नंतर कितीही खाऊ घातलं तरी ती तूट पूर्ण भरत नाही. माणसात हे इतकं सरळ मोजता येत नाही, पण दिशा तीच वाटते. स्नायू हे शरीरातलं साखर जिरवणारं सर्वांत मोठं कोठार. ते कोठारच लहान, आणि पुढे पोट सुटलं, तर मधुमेह लवकर येणार.

म्हणून कमी वजनाच्या बाळाच्या मांड्या भरवायला तूप-साखर आणि पावडरी कोंबू नका. भरेल ती चरबी. त्याच अभ्यासात आईच्या आहारातल्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला होता. मांड्यांची काळजी करायची वेळ म्हणजे गरोदरपण, आणि तेव्हा सुनेच्या ताटात काय पडतंय ते बघा.

---

वैशाली_पेण

वसुधाताईंचं शेवटचं वाक्य आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलंय.

---

निफाडचा_शेतकरी

कोंबडीच्या गर्भाचं वाचून विचारतो. घरी गावठी कोंबड्या आहेत. खुडूक बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. दरवेळी बघतो, नुकत्याच निघालेल्या पिल्लाची मान मागून सुजलेली असते. मला आधी वाटायचं काही लागलं असेल. चार-पाच दिवसांत आपोआप जाते. हे काय आहे?

---

सावनी_सातारा

दादा, किती बारीक बघता तुम्ही! ती सूज नव्हे, तो स्नायू आहे. मानेच्या मागचा हा स्नायू बाहेर पडायच्या आधी एक-दोन दिवस पाण्याने भरून टम्म होतो. चोचीच्या टोकाला जो पांढरा टणक दाणा असतो तो कवचावर आपटायचा तर मान जोरात वर झटकावी लागते, त्यासाठी हा. काम झालं की तो काही दिवसांत ओसरतो.

आणखी एक बघा. पिल्लू निघाल्यावर काही तासांत चालतं, दाणे टिपतं. पण उडता येत नाही. पायाचे स्नायू अंड्यातच तयार झालेले, छातीचे मात्र मागून येतात. कबुतराचं पिल्लू उलट, घरट्यात पडून राहतं, आईबाप भरवतात. ज्या प्राण्याला जे काम आधी लागतं तो स्नायू आधी पिकतो. आपलं बाळही बघा, जन्मतः मान धरता येत नाही, पण चोखायला आणि गिळायला पहिल्या तासापासून येतं.

---

निफाडचा_शेतकरी

म्हणजे फुटत नाही म्हणून आपण कवच सोलून दिलं तर?

---

सावनी_सातारा

घाई करू नये. शेवटच्या तासांत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाखालच्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. आधी सोललं तर रक्त जाऊ शकतं.

---

चिलट_अभ्यासक

मी पुण्यात पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर काम करतो, त्यांच्या उडण्याच्या स्नायूंवर. धागा वाचून राहवलं नाही.

चिलटाची अळी सरपटते, पुढे ती कोशात जाते आणि बाहेर येते ते उडणारं चिलट. कोशात अळीचे बहुतेक सगळे स्नायू विरघळून जातात. पण छातीत प्रत्येक बाजूला अळीचे तीन स्नायू शिल्लक ठेवले जातात. नव्या पेशी येऊन त्यांच्यात मिसळतात, ते तिन्ही उभे चिरले जातात, आणि तीनाचे सहा होतात. हेच उडण्याचे मोठे स्नायू. जुन्या घराची तुळई तशीच ठेवून नवं घर बांधावं, तसं. हे १९९१ साली मांडलं गेलं ते मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. विजयराघवन यांच्या गटाने, केंब्रिजच्या मायकेल बेट यांच्यासोबत. तेच विजयराघवन पुढे भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. आणि चिलटातही नस काढून टाकली तर काही स्नायू तयारच होत नाहीत. माणूस, मांजर, कोंबडी, चिलट, सगळीकडे नसेशिवाय स्नायू पुरा होत नाही.

एक पुरवणी. जन्मानंतर तंतूंची संख्या वाढत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. उंदरांच्या काही स्नायूंत जन्मानंतर काही दिवस नवे तंतू बनत राहतात. त्यानंतर मात्र वाढ मुख्यतः जाडीची आणि लांबीची.

---

सावनी_सातारा

अभ्यासक, मनापासून आभार. तुळईची उपमा मी वर्गात वापरणार.

---

तालीम_कोल्हापूर

माझा मुलगा दहा वर्षांचा. वर्षभर तालमीत जातोय. जोर-बैठका, दोर, मातीतला सराव. ताकद नक्की वाढलीय, आपल्यापेक्षा मोठ्या पोरांना आवरतो. पण दंड तेवढेच. वस्ताद म्हणतात थांब. शेजारचे म्हणतात पावडर चालू कर. काय करावं?

---

सावनी_सातारा

वस्तादांचं ऐका. वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते ती मुख्यतः नसेच्या बाजूने. जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावणं, विरोधी स्नायू वेळेवर ढिला सोडणं, डावाची लय बसणं. तंतू फारसे जाड होत नाहीत. ती जाडी येते तेरा-चौदानंतर, पुरुषी संप्रेरक वाढल्यावर. तेव्हा स्नायूच्या कडेला झोपून असलेल्या राखीव पेशी जाग्या होऊन तंतूत मिसळतात आणि आपली केंद्रकं देतात. या पेशी १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत पाहिल्या, नाव पडलं सॅटेलाइट पेशी. स्नायू फाटला, दुखावला, तरी दुरुस्तीला याच धावतात, आणि दुरुस्त होणाऱ्या तंतूत काही दिवस पुन्हा गर्भातलं मायोसिन दिसतं.

पावडर नको. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे पुरे. आणि बाराव्या-तेराव्या वर्षी तो झपाट्याने उंच व्हायला लागेल तेव्हा मांडीच्या मागच्या शिरा आखडल्यासारख्या वाटतील. हाड पुढे गेलेलं असतं, डबे जोडायचं काम मागे राहिलेलं असतं. त्या वर्षात ताण देणारे व्यायाम जास्त, वजन कमी. वस्तादांना हे माहीत असेलच.

---

नाव_नको

विचारू की नको असं चाललं होतं. मुलगा साडेचार वर्षांचा. चालायला उशिरा लागला, दीड वर्षानंतर. पोटऱ्या छान भरलेल्या आहेत, सगळे कौतुक करतात. पण जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत उठतो. जिना चढताना कठडा लागतोच. एका ठिकाणी दाखवलं, म्हणाले आळशी आहे, होईल.

---

सावनी_सातारा

दादा/ताई, हे वाचून मी लगेच लिहायला बसलेय. इथून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. पण मांड्यांवर हात टेकत उठणं आणि भरलेल्या पोटऱ्या, ही दोन्ही एकत्र दिसली की रक्तात सीपीके (स्नायू दुखावले की रक्तात उतरणारं प्रथिन) तपासायलाच हवं. साधी, स्वस्त तपासणी आहे. याच आठवड्यात करा, आणि अहवाल घेऊन मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांना भेटा. तोवर त्याला पळवू नका, जिने चढायला लावू नका, "आळशी" हा शब्द घरात कोणी वापरू नये.

मनात शंका आहे ती स्नायूंच्या एका आजाराची. त्यात डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन बनत नाही. ते तंतूच्या आवरणाला आतून धरून ठेवतं. ते नसेल तर प्रत्येक आकुंचनाला आवरण फाटतं, राखीव पेशी दुरुस्त करत राहतात, आणि काही वर्षांत त्यांची ताकद अपुरी पडते. मग तंतूंच्या जागी चरबी आणि चिवट ऊती भरते, पोटरी जाड दिसते ती त्यामुळे. हे नसेलही, नसो. पण असेल तर लवकर कळण्याने उपचारात खरोखर फरक पडतो.

---

बालरोग_वसुधा

सावनीशी पूर्ण सहमत. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, जवळच्या शहरात कुठे जायचं ते सांगते.

---

नाव_नको

पाठवला आहे. उद्या सकाळी रक्त द्यायला जातोय.

---

दुर्वा_सांगली

माझी मुलगी दोन महिन्यांची. उजवं पाऊल जन्मतः आत वळलेलं, क्लबफूट. दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. क्युरारेचं वाचून रात्रभर झोप नाही. माझ्या पोटात ती कमी हलली का? सासरी तर म्हणतातच, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून. आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतोय. तो कधी भरेल?

---

सावनी_सातारा

दुर्वा, आधी हे ऐक. तू काहीही केलेलं नाहीस. हजारात साधारण एका बाळाला हे होतं, जगभर, ग्रहण पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या घरांत सारखंच. बहुतेक बाळांत कारण सापडत नाही. कोंबडीचा प्रयोग इतकंच सांगतो की हालचाल पूर्ण बंद पडली तर पाऊल वाकडं होऊ शकतं. प्रत्येक वाकडं पाऊल हालचाल कमी पडल्यामुळे होतं, असं तो सांगत नाही. मी ते वर स्पष्ट लिहायला हवं होतं.

तुझ्या मुलीवर चाललेत ते उपचार इग्नासिओ पोन्सेती यांनी अमेरिकेत आयोवाला बसवले. साधारण पाच ते सात प्लास्टरं, दर वेळी थोडं पुढे. बाळाच्या ऊती मऊ असतात, स्नायू आणि बंध नव्या लांबीला जुळवून घेतात. म्हणून तर इतक्या लहान वयात सुरू करतात. शेवटी बहुतेकांना घोट्यामागची जाड शीर एका छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. घाबरू नकोस, ती काही आठवड्यांत लांब होऊन पुन्हा जुळते. मग पट्टीला जोडलेले बूट: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर फक्त झोपेत, चार-पाच वर्षांची होईपर्यंत. पाऊल सरळ दिसायला लागलं की घरचे म्हणतील, "आता कशाला, पोरगी रडतेय." तेव्हा ऐकू नकोस. बूट सोडले की पाऊल परत वळण्याची शक्यता फार वाढते.

पोटरीबद्दल खरं सांगते. ती थोडी बारीकच राहील, बहुधा कायमची, आणि पाऊलही अर्धा-एक नंबर लहान. पण ती चालेल, पळेल, नाचेल. माझ्याकडे आलेल्या अशा मुलींपैकी एक आता शाळेच्या खो-खोच्या संघात आहे.

प्लास्टर घालून आणलं की बोटांचा रंग बघत जा. गुलाबी आणि ऊबदार हवीत, दाबून सोडल्यावर लगेच रंग परत यायला हवा. निळसर, थंड किंवा सुजलेली वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात जा.

---

सुमन_मिरज

दुर्वा, सांगलीत कुठे राहतेस? मी मिरजेला आहे, अर्ध्या तासावर. प्लास्टरच्या दिवशी सोबत हवी असेल तर येते.

---

दुर्वा_सांगली

सुमनकाकू, याल? गुरुवारी असतं, सकाळी नऊला. आज चौथं झालं. आत्ताच बघितली, पाचही बोटं गुलाबी आहेत. अंगठा हलवतेय.